हातखंबा ते आंबा घाट : गुरांचा आहार आणि खुरांचा इतिहास

१

रत्नागिरी शहरातून पूर्वेकडे निघालेला रस्ता जांभ्या दगडाच्या सड्यावरून हातखंब्यास येतो व तेथे मुंबई-गोवा महामार्गास मिळतो. तेथून महामार्गाने दक्षिणेकडे वळल्यावर पाली येथे कोल्हापूरची वाट फुटते. ती नाणीज व साखरपा मागे टाकून आंबा घाट चढते आणि मलकापूरवरून कोल्हापुरास पोहोचते. कोल्हापुरास आगगाडी १८९१ साली आली. रत्नागिरीस मात्र त्यानंतर शंभर वर्षे तिची प्रतीक्षा करावी लागली आणि कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग १९९८ साली राष्ट्रास अर्पण झाला. या दीर्घ काळात आणि त्यापूर्वीच्या कित्येक शतकांत बंदर व देश यांच्यामधील ओझे प्रथम बैलाच्या पाठीवर, नंतर गाडीच्या जुवावर आणि अखेरीस मोटारीवर पडले. घाट कोणी बांधले, पूल केव्हा झाले, याच्या नोंदी सापडतात. परंतु ज्या पायांनी ही वाट तुडविली त्या पायांचा इतिहास क्वचितच लिहिला गेला.

बैल लंगडू लागला म्हणजे पाहणाराची दृष्टी प्रथम त्याच्या पायाकडे जाते, आणि ते स्वाभाविकच आहे. काटा मोडला असेल, खडा रुतला असेल, पत्री निघाली असेल, असे तर्क केले जातात. ही कारणे खरी असतात. परंतु ती अपुरी असतात. जनावराच्या पायाचे दुखणे पुष्कळदा गव्हाणीत सुरू झालेले असते आणि पायात ते केवळ प्रकट होते. चाऱ्याच्या अभावाने जसे जनावर लंगडे होते तसेच धान्याच्या अतिरेकानेही होते. पहिला प्रकार कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या पाहिला आहे. दुसरा प्रकार अमेरिकेतील पुष्टिगोठ्यांत, म्हणजे मांसासाठी हजारो गुरे एकत्र बांधून त्यांना धान्यावर पोसण्याच्या आवारांत, विशेष प्रसिद्धीस आला. या दोहोंचा एकत्र विचार केल्यास हातखंब्याच्या सड्यावरील एका साध्या गोठ्याचा इतिहासही अधिक स्पष्ट दिसू लागतो.

२

आरंभी शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. कारण एखाद्या समाजाने दुखण्यास कोणते नाव दिले यावरून त्याने दुखण्याचे कोणते अंग पाहिले हे कळते. वेदवाङ्मयात खुरास ‘शफ’ हा शब्द आहे. त्याचा दुसरा अर्थ ‘अष्टमांश’ असा होतो. गाईच्या चार पायांस प्रत्येकी दोन, अशा आठ नख्या असल्यामुळे एक शफ म्हणजे आठवा भाग, ही गणना सहज सुचली असावी. गुरांची मोजदाद करणाऱ्या समाजाने खुराचे इतके बारीक निरीक्षण केले होते. पुढे ‘खुर’ हा शब्द प्रबळ झाला व मराठीत ‘खूर’ या रूपाने तोच टिकला. ‘शफ’ मात्र मागे पडला. तथापि आठाचा हिशेब नाहीसा झाला नाही. घोड्यास चार नाल लागतात. बैलाचा खूर दुभंगलेला असल्याने त्याच्या प्रत्येक नखीस स्वतंत्र पत्री मारावी लागते आणि चारी पाय पूर्ण करावयाचे तर पत्र्या आठ होतात. ‘नाल’ हा अरबीतून व ‘नालबंद’ हा फारसीतून आलेला शब्द होय. या शब्दाचा पसारा घोडदळाबरोबर वाढला. मराठेशाहीच्या हिशेबात ‘नालबंदी’ ही शिलेदारास देण्याच्या आगाऊ रकमेची संज्ञा झाली होती. बैलाच्या ‘पत्री’स असा दरबारी मान कधी मिळाला नाही. ती शेतकऱ्याच्या आणि गाडीवानाच्या बोलण्यातच राहिली.

दुखण्याच्या नावांकडे वळल्यास तीन प्रकार दिसतात. काही नावे चालीवरून पडली. ‘लंगडा’ हा शब्द संस्कृत व फारसी ‘लंग’ यांच्या कुळातील आहे आणि तैमूरच्या नावास चिकटलेला ‘लंग’ तोच होय. ‘पंगु’पासून ‘पांगळा’ झाला. दुसऱ्या प्रकारची नावे स्थानावरून पडली. ‘लाळ-खुरकूत’ किंवा ‘तोंडखुरी-पायखुरी’ या नावांत तोंड व खूर ही रोगाची दोन स्थाने अचूक सांगितली आहेत. संसर्गाचे शास्त्र जन्मास येण्यापूर्वीच गुराख्यांनी हे ओळखले होते की तोंडातील फोड आणि खुरातील फोड हे एकाच रोगाचे दोन अवतार आहेत. हा रोग सूक्ष्म गाळणीतूनही पार होणाऱ्या अतिसूक्ष्म घटकामुळे होतो, हे लफ्लर व फ्रॉश या जर्मन संशोधकांनी १८९८ साली दाखविले. प्राण्यांच्या रोगांत विषाणूचा शोध लागला तो येथेच.

तिसऱ्या प्रकारची नावे कारणावरून पडतात, आणि ती सर्वांत दुर्मिळ असतात. प्राचीन ग्रीकांनी घोड्याच्या एका दुखण्यास ‘क्रिथिआसिस’ असे म्हटले होते. ‘क्रिथे’ म्हणजे जव; तेव्हा या शब्दाचा अर्थ ‘जवाचे दुखणे’ असा होतो. क्सेनोफोनच्या अश्वविषयक ग्रंथात व ॲरिस्टॉटलच्या प्राणिविषयक लेखनात त्याचा उल्लेख आहे. धान्य जास्त झाले की घोडा पायाने अडतो, हे ज्ञान एका शब्दात साठविले गेले होते. मराठीत गुरांसाठी असा शब्द रुजला नाही. याचे कारण निरीक्षणाच्या उणिवेत शोधण्याचे प्रयोजन नाही. ज्या गोठ्यात धान्य जनावरापर्यंत पोहोचतच नव्हते, तेथे धान्याच्या अतिरेकाचे नाव कशास पडावे? शब्दाचा अभाव हाही येथे आहाराच्या इतिहासाचा पुरावाच ठरतो.

३

कोकणातील गुरांचा आहार समजण्यास तेथील भूमी प्रथम पाहिली पाहिजे. ‘लॅटेराइट’ ही संज्ञा फ्रान्सिस ब्युकॅनन याने १८०७ साली मलबारातील दगडावरून रूढ केली. रत्नागिरीचा जांभा हा त्याच जातीचा दगड होय. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पडणारा पाऊस जमिनीतील विद्राव्य क्षार वाहून नेतो आणि मागे लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे उरतात. ही संयुगे स्फुरदाला घट्ट धरून ठेवतात. त्यामुळे अशा आम्ल जमिनीत उगवणाऱ्या गवतास स्फुरद अल्प मिळते व गवत खाणाऱ्या जनावरास त्याहून अल्प. खडकाचा हा गुण अखेर हाडात उतरतो.

गवताच्या जोडीस भाताचा पेंढा असतो. परंतु पेंढ्यात प्रथिने शेकडा तीन ते चारच असतात. सिलिका पुष्कळ असते. आणि त्यातील ऑक्झॅलेट चुन्यास बांधून ठेवते. देशावरील कडब्याच्या तुलनेने हा चारा हलका होय. शिवाय कोकणात गवत व शेण यांस आणखी एक वाटेकरी असे. वरकस जमिनीवरील गवत, झाडांचा टाळ व शेण पसरून भाताच्या रोपवाटिकेची भाजणी करण्याच्या पद्धतीस ‘राब’ म्हणतात. जे गवत गव्हाणीत जावयाचे त्यातील काही भाग राबात जाई. भात हे माणसाचे अन्न असल्याने या स्पर्धेत जनावर मागे पडे, हे ओघानेच आले.

या स्थितीस अनुरूप असेच जनावर कोकणात टिकले. आखूड बांध्याची, हलक्या वजनाची, डोंगरउतारावर चरणारी ही गुरे पुष्कळ काळ ‘गावठी’ या एकाच शब्दात मोडत. राष्ट्रीय पशु आनुवंशिकी संसाधन संस्थेने २०१८ साली ‘कोकण कपिला’ या नावाने त्यांची स्वतंत्र जात म्हणून नोंद केली. लहान देह हा येथे दोष नसून परिस्थितीशी केलेला करार होय. हलक्या देहास चारा कमी लागतो आणि पायावर भारही कमी पडतो.

तथापि वर्षाच्या चक्रात एक विसंगती होती, आणि लंगडेपणाचा उगम समजण्यास ती महत्त्वाची आहे. आश्विन-कार्तिकात कापलेल्या गवताच्या गंजी उन्हाळ्यात खालावत. चैत्र-वैशाखात सडा करपून जाई व गुरे हाडावर येत. मृगाचा पाऊस पडताच नांगरणी व चिखलणी सुरू होई. म्हणजे ज्या आठवड्यांत बैलाची शक्ती सर्वांत क्षीण असे त्याच आठवड्यांत त्याच्याकडून सर्वांत जड काम घेतले जाई. याच सुमारास कोरड्या पेंढ्यावरून कोवळ्या, पाणीदार गवतावर त्याचा आहार एकाएकी बदले. त्यातच दिवसभर चिखलात उभे राहिल्याने खुराचे शृंग मऊ पडे व दोन नख्यांच्या बेचक्यात जखम होई. माणसाच्या बोटांच्या बेचक्यात पावसाळ्यात होणाऱ्या दुखण्यास मराठीत ‘चिखल्या’ म्हणतात. त्या शब्दात कारण अचूक आले आहे. गुरांच्या बेचक्यातील जखमेत ‘फ्युझोबॅक्टेरिअम नेक्रोफोरम’ नावाचे जंतू शिरतात व खूर कुजू लागतो. चिखल जंतूस वाट करून देतो. परंतु त्या वाटेवर त्याला किती प्रतिकार होईल हे वैशाखातील गव्हाणीने ठरविलेले असते.

या वर्षचक्राचा भार कोणी वाहिला हेही विसरता येत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील पुरुष मोठ्या संख्येने मुंबईच्या गिरण्यांत गेले आणि गोठा स्त्रियांच्या हाती राहिला. भारा आणणे, आंबोण कालविणे, कुळीथ शिजवून नांगराच्या बैलास घालणे, ही कामे त्यांनी केली. कोंडा, पेज व धुवण एकत्र करून केलेल्या आंबोणाचे नावच आंबण्याशी नाते सांगते. हाताशी असलेल्या उष्ट्या-माष्ट्या पदार्थांतून प्रथिनांची व क्षारांची उणीव शक्य तितकी भरून काढण्याची ती युक्ती होती.

४

घाटावर जाणाऱ्या बैलाची गोष्ट थोडी वेगळी होती. गाडीरस्ते होण्यापूर्वी लमाण व वंजारी यांचे तांडे गोणी लादून घाट उतरत व चढत. वर मीठ, सुकी मासळी, नारळ जाई व खाली धान्य, गूळ येई. लादणीचा बैल वाटेवर चरत चाले. त्याच्या मजलीची लांबी चाऱ्याने ठरे, अंतराने नव्हे. गाडीरस्ता झाला तेव्हा ओझे वाढले, चाल बांधली गेली व रस्त्यावर फोडलेली खडी आली. जांभ्याचा खर व खडी यांवर खूर वाढतो त्याहून लवकर झिजू लागला. पत्रीची गरज येथे निकडीची झाली. पत्री झीज थांबवी; पण खुराची वाढ थांबवीत नसे. म्हणून ठराविक काळाने पत्र्या काढून खूर तासून पुन्हा बसवाव्या लागत. जो गाडीवान हा खर्च टाळी त्याचा बैल चढणीवर पाय आखडू लागे.

कामाच्या मानाने शिधा द्यावयाचा हे तत्त्व या देशात जुने आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील गोध्यक्षाच्या प्रकरणात ओढीच्या बैलांसाठी हिरवा चारा, त्याच्या दुप्पट गवत, एक तुळा घाण्याची पेंड, दहा आढक कणीकोंडा व पाच पळे मीठ असे प्रमाण दिले आहे. पेंडीस तेथे ‘पिण्याक’ हा शब्द आहे. या यादीचे विशेष असे की तिच्यात भरडा चारा, प्रथिने, शक्ती देणारे धान्याचे अवशेष आणि क्षार, या चारही वर्गांस स्थान मिळाले आहे. युरोपात वोल्फ याने आपली आहारमाने १८६४ साली व केल्नर याने पिष्टमूल्याची पद्धत १९०५ साली मांडली. त्यांनी वर्गांस अंक दिले. वर्ग मात्र अनुभवाने पूर्वीच हाती आले होते. प्रश्न ज्ञानाचा नव्हता, तर ते प्रमाण पुरे करण्याइतकी सामग्री कोणाच्या घरी होती, हा होता. राज्याच्या गोठ्यातील शिधा आणि कुळाच्या गोठ्यातील शिधा यांत नेहमीच अंतर राहिले.

हे अंतर एकोणिसाव्या शतकात वाढले. १८७८ च्या जंगल कायद्याने सरकारी वनांची व्याप्ती व त्यांतील निर्बंध दृढ केले. जोतीराव फुले यांनी १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये, जंगलखात्याने गावोगावची गायराने गिळली व त्यामुळे शेतकऱ्याची जनावरे उपाशी राहिली, अशी तक्रार स्पष्टपणे मांडली. शेतीविषयक रॉयल कमिशनने १९२८ च्या अहवालात याच प्रश्नाची दुसरी बाजू सांगितली : चारा थोडा, म्हणून जनावरे दुबळी, दुबळी, म्हणून कामास अधिक लागतात, अधिक झाली म्हणून प्रत्येकाच्या वाट्यास चारा आणखी थोडा. ही दोन्ही विवेचने परस्परांस छेद देतात असे वरवर वाटते. वस्तुतः फुले या चक्राच्या आरंभाकडे बोट दाखवितात व कमिशन त्याच्या गतीकडे.

५

मग लंगडेपणाचा उल्लेख शासकीय कागदपत्रांत इतका विरळ का? याचे उत्तर पशुवैद्यकाच्या इतिहासात आहे. हॅलन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १८७१ साली हिंदुस्थानातील गुरांच्या साथींचा अहवाल दिला. मुंबईत परळ येथे पशुवैद्यक महाविद्यालय १८८६ साली सुरू झाले. पुण्यात १८८९ साली स्थापन झालेली जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा १८९३ साली मुक्तेश्वरास गेली व पुढे भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था झाली. या सर्व उद्योगाचा रोख बुळकांडीसारख्या मारक रोगांवर होता आणि तो योग्यच होता. भारत २००६ साली बुळकांडीमुक्त ठरला व २०११ साली ती जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. परंतु जो रोग मारतो तो आकड्यांत येतो आणि जो अडवून ठेवतो तो येत नाही, हा अभिलेखांचा स्वभावच आहे. लंगडा बैल मृतांच्या यादीत नसे. तो केवळ पेरणीस उपयोगी पडत नसे. ज्याची एक जोडी आहे अशा कुळास मृगाच्या आठवड्यात एक बैल अडणे म्हणजे वर्षाचे भात अडणे होय. हे नुकसान कोणत्याही रकान्यात बसले नाही.

लंगडेपणाचा माग गव्हाणीपर्यंत नेण्याचे श्रेय मुख्यतः दक्षिण आफ्रिकेतील संशोधनास द्यावे लागते. तेथील गुरांत ‘लामसिक्त’ नावाचा रोग होता. आफ्रिकान्स भाषेतील या शब्दाचा अर्थ ‘लंगडेपणाचा रोग’ एवढाच. म्हणजे हे नावही चालीवरून पडलेले. ऑन्डरस्टपोर्ट येथील आर्नल्ड थायलर यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या व तिसऱ्या दशकांत त्याचा उलगडा केला. जमिनीत स्फुरद नाही, म्हणून गवतात नाही. गवतात नाही, म्हणून गुरे मेलेल्या जनावरांची हाडे चघळतात. आणि त्या कुजक्या हाडांतील जंतुविषामुळे त्यांचे पाय लुळे पडतात. उपाय निघाला तो औषधाचा नसून आहाराचा होता : हाडांची भुकटी चारणे. खडक, गवत, भूक, विष व पाय अशी ही कार्यकारणमालिका जांभ्याच्या प्रदेशात गुरे पाळणाराने मनन करण्याजोगी आहे. कोकणात गुरे चिंध्या, हाडे वा माती चघळताना दिसली तर ती खोड नसून मागणी असते.

पावसात भिजलेल्या पेंढ्याविषयीही असाच एक धडा आहे. पंजाबातील देग नाल्याच्या परिसरात १९३० च्या दशकात म्हशींच्या शेपटीस, कानास व खुरास कूज लागणाऱ्या रोगाचे वर्णन झाले आणि नाल्यावरूनच त्याचे ‘देगनाला’ हे नाव पडले. बुरशी लागलेला भाताचा पेंढा खाण्याशी त्याचा संबंध जोडला जातो. पेंढा हाच ज्यांचा मुख्य चारा आहे त्यांनी तो कोरडा राखणे हे केवळ काटकसरीचे काम नाही.

६

आता दुसऱ्या टोकाकडे, अतिरेकाकडे वळले पाहिजे. शिकागोचे मोठे गुरांचे आवार १८६५ साली उघडले व १९७१ साली बंद झाले. दुसऱ्या महायुद्धानंतर पुष्टिगोठे कोलोरॅडो, कॅन्सस, टेक्सास या सपाट मुलखात वाढले. माळावर गवत खाऊन वाढलेला खोंड तेथे मक्यावर वा ज्वारीवर आणला जाई. गुरांच्या पोटाची रचना गवतासाठी झालेली आहे. त्यांच्या पहिल्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव तंतूचे विघटन करतात व रवंथ करताना सुटणारी लाळ तेथील आम्लता ताब्यात ठेवते. धान्य एकाएकी वाढले की पिष्ट झपाट्याने आंबते, रवंथ कमी होते, लाळ घटते व लॅक्टिक आम्ल साचते. हंगेट व त्यांचे सहकारी यांनी गव्हाचा अतिरेक झालेल्या मेंढ्यांच्या पोटातील हा सूक्ष्मजीवांचा पालट १९५२ साली दाखवून दिला. निरोगी स्थितीत सहा ते सातच्या दरम्यान असणारा सामू साडेपाचाच्या खाली गेला म्हणजे पोटाच्या अस्तरास इजा होते. जंतुविषे व दाहकारक द्रव्ये रक्तात उतरतात, आणि खुराच्या आतील नाजूक पटलांत रक्ताभिसरण बिघडते. जनावर पाठ वाकवून, जपून पाऊल टाकू लागते. ग्रीकांच्या ‘जवाच्या दुखण्या’स आधुनिक शास्त्राने दिलेले हे स्पष्टीकरण होय.

येथे खुराचा एक धर्म इतिहासाच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. खुराची भिंत महिन्यास सुमारे पाच मिलिमीटर वाढते व तिची पुढील लांबी सुमारे पंचाहत्तर मिलिमीटर असते. म्हणजे केसांच्या कडेपासून टोकापर्यंत सुमारे पंधरा महिन्यांची नोंद तेथे असते. उपासमार, ताप, आहारातील आकस्मिक बदल यांच्या वेळी वाढ खुंटते व खुरावर आडवी रेघ उमटते. रेघ किती खाली सरकली आहे हे मोजून संकटाचा महिना सांगता येतो. तळव्याची जाडी साधारण दहा मिलिमीटर असल्याने आत झालेली इजा तळव्यावर दिसण्यास दोन महिने लागतात. श्रावणात लंगडणाऱ्या जनावराचे कारण ज्येष्ठात शोधावे लागते. आज पाय दुखतो म्हणून आजचाच खडा दोषी ठरविणारा मनुष्य केवळ जवळचा पुरावा पाहून निकाल देणाऱ्या इतिहासकाराची चूक करतो.

७

महाराष्ट्रात अमेरिकन पद्धतीच्या पुष्टिगोठ्यास अवकाश नाही. १९७६ च्या पशुसंरक्षण कायद्याच्या २०१५ साली अंमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांच्या कत्तलीसही बंदी झाली. तथापि अनेक जनावरे एका जागी बांधून आणलेल्या चाऱ्यावर पोसण्याचा अनुभव महाराष्ट्रास आहे. १९७२ च्या दुष्काळापासून २०१८-१९ च्या दुष्काळापर्यंत उघडलेल्या चारा-छावण्यांत देशावरील शेतकऱ्यांनी आपली जनावरे नेली. तेथे पुष्कळदा ऊस व उसाचे वाढे हाच चारा होता. त्याने जीव वाचले, ही गोष्ट लहान नाही. परंतु उसात साखर पुष्कळ व प्रथिने अल्प असतात आणि वाढ्यांत ऑक्झॅलेट असते. त्यामुळे कोरडा चारा, पेंड व क्षार यांची जोड नसेल तर जगलेले जनावर दुबळेच परत जाते. शर्यतीच्या बैलांची स्थिती याच्या उलट होय. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली घातलेली बंदी उठून २०२१ च्या डिसेंबरात शर्यती पुन्हा सुरू झाल्या व २०२३ साली घटनापीठाने त्यास मान्यता दिली. शर्यतीच्या बैलास मिळणारा ‘खुराक’ हा कौतुकाचा विषय असतो. पण कौतुकाने वाढविलेले पीठ व धान्य पायास बाधते, ही जाणीव त्या शब्दात नाही.

हातखंब्याच्या परिसरात आज नांगराचा बैल विरळ होत चालला आहे. पॉवर टिलर व ट्रॅक्टर यांनी चिखलणी उचलली आहे. गोठ्यात बैलाच्या जागी संकरित दुभती गाय येते, मातीच्या जमिनीच्या जागी सिमेंटचा कोबा येतो व आंबोणाच्या जागी पोत्यातील पशुखाद्य येते. ज्या गोठ्याने केवळ उणिवेचा लंगडेपणा पाहिला होता त्यात आता अतिरेकाचा लंगडेपणा शिरण्याचा संभव आहे. दोन्हींची बाह्य लक्षणे सारखी दिसतात. उपाय मात्र विरुद्ध आहेत. लंगडणारी गाय पाहून ‘अशक्त झाली’ असे म्हणत पशुखाद्याचे एक माप वाढविणे हे पूर्वीच्या अनुभवाशी सुसंगत आहे. पण आम्लतेने पाय धरलेल्या गाईस तेच माप अपाय करील.

प्रतिबंधाचे नियम, सुदैवाने, कठीण नाहीत. आहारातील बदल दोन ते तीन आठवड्यांत थोडा थोडा करावा. खुराक एकाच वेळी न घालता दिवसात विभागून द्यावा आणि त्यापूर्वी लांब तंतूचा कोरडा चारा द्यावा. दुभत्या गाईस शरीरपोषणासाठी एक ते दीड किलो व दर अडीच किलो दुधामागे एक किलो खुराक हे सामान्य प्रमाण मानले जाते. शंभर किलो पेंढ्यास चार किलो युरियाचे द्रावण शिंपडून तो तीन आठवडे झाकून ठेवल्यास त्याची प्रथिने सुमारे दुप्पट होतात. मात्र ही प्रक्रिया माप चुकू न देता करावी लागते व युरिया कोरडा चारावयाचा नसतो. जनावरास रोज सुमारे पन्नास ग्रॅम क्षारमिश्रण व त्याखेरीज मीठ द्यावे. त्यातील स्फुरद हाडास व जस्त खुराच्या शृंगास उपयोगी पडते. उभे राहण्याची जागा कोरडी असावी, वर्षातून दोनदा खूर तासावेत आणि पावसाळ्यात शेकडा पाच मोरचुदाच्या पाण्यातून जनावरे चालवावीत. लाळ-खुरकुतीची लस वर्षातून दोनदा टोचण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१९ साली सुरू झाला. त्याचा लाभ घेणे हे या सर्वांस पूरक होय.

या नियमांपैकी पुष्कळसे जुन्या व्यवहारात बीजरूपाने होतेच. पावसाळ्याची बेगमी, नांगरापूर्वीचा कुळीथ, गोठ्यात पसरलेला सुका पाला, वेळेवर मारलेली पत्री, ही सारी त्याच तत्त्वाची रूपे होती. उणीव होती ती सामग्रीची. आज सामग्री आली आहे आणि उणीव आहे ती तिच्या परिणामांस नाव देण्याची. ग्रीकांनी एका शब्दात जे बांधून ठेवले तसे काही मराठी गोठ्याच्या बोलीत यावयास हवे. तो शब्द विद्यापीठाने घडवून द्यावयाचा नसून गोठ्यातल्या निरीक्षणातून यावयाचा आहे. भाषेच्या अभ्यासकाने तो येईल तेव्हा ओळखावा व नोंदवावा आणि पशुवैद्याने तोवर गाईचा पाय पाहताना गव्हाणीतही डोकावावे. आंबा घाटाच्या वाटेवर ज्यांच्या खुरांची झीज कोणी मोजली नाही, त्या जनावरांच्या इतिहासाने शिकविलेली गोष्ट एवढीच आहे.